पानाची मागची बाजू

सोलापुरात फेब्रुवारी सरत आला की आमच्या गॅलरीत दोन गोष्टी बरोबरच होतात. मोगऱ्याला कळ्या धरू लागतात आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरे काहीतरी दिसू लागते. लांबून पाहिले तर कुणी कापूस पिंजून चिकटवला आहे असे वाटावे. पहिल्या वर्षी आम्ही ते पाहून खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो. नवा बहर असेल अशी समजूत. आठ-दहा दिवसांत शेंडे आखडले, पाने वेडीवाकडी झाली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. खालच्या पानांवर चिकटा साचला आणि त्या चिकट्यावर काजळी धरली. मग कुठे कळले की तो बहर नव्हता, पिठ्या ढेकूण होता.

आम्ही म्हणजे दोघे, मियाँ-बीवी. दोघेही शाळेत शिकवून निवृत्त झालेले. एकाने मराठी शिकवले, एकाने गणित. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेला साडेतीन फुटांची गॅलरी आणि तिच्यात एकोणीस कुंड्या. जास्वंदी दोन, मोगरे तीन, कढीपत्ता, मेंदी, गुलाब, कोरफड, बाकी मनीप्लांट वगैरे. एवढ्याशा जागेत नीतीचा प्रश्न उभा राहील असे आम्हांला वाटले नव्हते. तो राहिला. घरातल्या झाडावर बसलेला जीव मारावा का, मारावा तर कोणता, किती आणि कशाने?

शेतकऱ्याला हा प्रश्न असा निवांत विचारणे परवडत नाही. त्याचे वर्षाचे पीक, डोक्यावरचे कर्ज, पोरांच्या फिया त्या पानावर असतात. आमच्या जास्वंदीवर कुणाचे पोट नाही. म्हणून आमच्यापाशी सबबही नाही. जे काही मारू ते केवळ हौसेपायी. हौसेपायी केलेल्या मारण्याचा हिशेब जास्त चोख द्यावा लागतो, असे आम्हांला वाटते.

मराठीत या बाबतीत दोन शब्द असे आहेत की आपण पानाकडे पाहण्याआधीच ते विचार करून मोकळे होतात. एक कीड, दुसरा औषध.

कीड नावाचा कोणताही प्राणी प्राणिशास्त्रात नाही. कीटक आहेत, त्यांच्या लाखो जाती आहेत. कीड हे त्यांतल्या काहींविषयी आपले मत आहे. कढीपत्त्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसतो. दुसऱ्या दिवशी तो ठिपका दुसऱ्याच पानावर असतो. ती फुलपाखराची अळी. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात आणि कढीपत्ता त्याच कुळातला. अळी मोठी झाली की हिरवीगार होते. तिला बोट लावले तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अशा पाच-सहा अळ्यांनी आमचे दोन फुटी झाड आठवड्यात बोडके केले आहे. आता गंमत पाहा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आपले राज्य फुलपाखरू जाहीर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पाने खाऊन वाढतात. म्हणजे पंख फुटले की राज्याचा मान आणि पंख फुटेपर्यंत कीड! मध्ये अंतर तीन-चार आठवड्यांचे. आम्ही आमच्यापुरता निवाडा केला: कढीपत्ता त्यांचा, फोडणीसाठी जुडी भाजीवाल्याकडून. हा निवाडा सोपा होता, कारण फुलपाखरू देखणे असते. पिठ्या ढेकूण देखणा होत नाही. त्याच्या बाबतीत आम्ही इतके उदार झालो नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

दुसरा शब्द औषध. शेतात विष फवारतात त्याला आपण औषध मारणे म्हणतो. रोपवाटिकेत जाऊन कुणी विष मागत नाही, औषधच मागतो. वर्तमानपत्रात बातमी येते, अमुक गावच्या शेतकऱ्याने औषध पिऊन जीवन संपवले, आणि त्या वाक्यातली विसंगती आपल्या कानाला खटकतही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. तेव्हा आम्ही हळहळलो. अंगरखे नव्हते, तोंडाला फडकेसुद्धा धड नव्हते, असे एकमेकांना म्हणालो. आणि दोनच वर्षांनी आम्ही स्वतः जे केले ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

२०१९ चा मार्च. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण मातला होता. आम्ही एका रोपवाटिकेतून औषध आणले. मोठ्या डब्यातून काढून दिलेले, सुटे, सरबताच्या लहान बाटलीत. कीटकनाशकाच्या मूळ डब्यावर एक चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. आमच्या बाटलीला ना नाव ना रंग. "एका झाकणाला एक लिटर पाणी. झाडात भिनतं, महिनाभर बघायला नको," एवढेच देणाऱ्याने सांगितले. आम्हीही एवढेच विचारले.

आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, काकू राहतात. त्यांची तुळस कठड्याबाहेरच्या लोखंडी जाळीत असते, त्यामुळे वरून दिसते. रोज सकाळी पूजा झाली की त्या तुळशीची दोन पाने तोंडात टाकतात, नातू घरी असला तर त्यालाही देतात. हे आम्हांला नीट माहीत होते. संध्याकाळी आम्ही फवारणी केली तेव्हा वारा होता आणि आमच्या कुंड्यांवरून पाणी खाली ठिबकत होते. ते आम्ही पाहिले. पाहिले आणि फवारणी पूर्ण केली.

रात्री झोप लागली नाही. सांगायचे तर काय सांगायचे? कोणते विष ते आम्हांलाच ठाऊक नव्हते. आणि दुसरे एक कारण होते, ते लिहिताना संकोच वाटतो. त्या इमारतीत मुसलमानाचे घर आमचे एकच. 'त्यांनी तुळशीवर विष टाकले' हे वाक्य जिन्याने खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर कसे बदलत जाईल, याची आम्ही रात्रभर तालीम करत राहिलो. काकू तशा नाहीत हे सतरा वर्षांच्या शेजारातून माहीत असूनही केली. फजरची नमाज झाली की लगेच खाली जायचे, असे शेवटी ठरले. प्रत्यक्षात आम्ही गेलो अकरा वाजता. तोवर त्यांची पूजा आटोपली होती.

पाने तोंडात गेली होती. नातू त्या दिवशी आत्याकडे होता, हे आमचे नशीब; आमची नेकी नव्हे.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. "काही होत नाही हो, दोन पानं तर होती," म्हणाल्या. मग थोडे थांबून, "काल संध्याकाळीच का नाही सांगितलंत, भाभी?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते, पण ते देण्यासारखे नव्हते. ते ऐकले असते तर त्यांना विषापेक्षा जास्त लागले असते. त्यांना काही झाले नाही. तुळस त्यांनी आत घेतली आणि बरेच दिवस तिचे पान तोडले नाही. पुढे दोन-अडीच महिने त्या वर कढीपत्ता मागायला आल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही. मग एके दिवशी आल्या.

त्या बाटलीने पिठ्या ढेकूण मेला, हे खरे. पण एप्रिलमध्ये जास्वंदीची आणि गुलाबाची पाने राखेसारखी फिकी पडू लागली, जणू कुणी सुईच्या टोकाने लाखो टोचे मारले आहेत. हा लाल कोळी. तो कीटक नव्हेच. त्याला आठ पाय असतात, तो आपल्या घरातल्या कोळ्यांचा भाऊबंद. कीटकांसाठीच्या अनेक विषांनी तो मरत नाही, पण त्याला खाणारे बारीक जीव मात्र मरतात. त्यात सोलापूरचा कोरडा उन्हाळा, चाळीसच्या वरचे तापमान. असे हवामान त्याला मानवते. म्हणजे आम्ही एकाला मारून दुसऱ्यासाठी अंगण झाडून ठेवले होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही मारण्याआधी पाहायला शिकलो. पाहणे म्हणजे पानाची मागची बाजू. झाडावरचे बहुतेक जीव तिथेच असतात. वरून पान हिरवेगार आणि खाली वस्ती. लाल कोळ्यासाठी एक सोपी रीत आहे. पानाखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदीला टिचकी मारायची. कागदावर धूळ पडेल. ती धूळ चालू लागली तर कोळी. त्यावर उपाय बहुधा पाण्याचाच: पानांच्या खालून जोराचा फवारा, दोन-तीन दिवसांआड, पंधरवडाभर. मावा ओळखायला सोपा, कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या दाण्यांची गर्दी आणि मध्येच टाकून दिलेल्या पांढऱ्या काती. त्याची मादी अनुकूल दिवसांत नराशिवायच जिवंत पिल्ले घालते आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची सुरुवात झालेली असते. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात लेक! गणिताच्या शिक्षकाला हे समजावून सांगावे लागले नाही. मावा जास्त येतो तो बहुधा नत्राचे खत जास्त घातलेल्या झाडावर. पहिल्या वर्षी गुलाबाला मूठभर युरिया आम्हीच घातला होता. कुंडीच्या मातीवर चिलटासारख्या काळ्या माश्या उडतात त्या पाणी जास्त झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या असतात. माती वाळू दिली की जातात. खवले कीड तर कीड वाटतच नाही, खोडाचीच गाठ वाटते. नखाने खरवडले आणि निघून आले तर समजायचे. हे सारे शिकताना एक गोष्ट लक्षात येत गेली की या पाहुण्यांपैकी निम्म्यांना निमंत्रण आमच्याच हाताने गेले होते.

तरीही आमच्या हातून दुसरी चूक झालीच, आणि ती पहिलीपेक्षा बारीक असली तरी जास्त सलते. बाटली फेकल्यावर आम्ही पिठ्या ढेकूण हाताने काढू लागलो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेक जीव टिपायचा. काम किचकट, पण निदान कोणाला मारतो ते दिसते, असे एकमेकांना अभिमानाने सांगत होतो. पावसाळ्यानंतर त्या वस्तीत काही जीव जास्तच मोठे दिसू लागले. तसेच पांढरे, तसेच मेणचट, फक्त त्यांचे पांढरे झुबके लांब आणि चाल जलद. हे सरदार असणार, असे म्हणून आम्ही ते आधी टिपले. वीस-पंचवीस तरी असतील.

त्यानंतरच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात आम्ही सहज गेलो. द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणासाठी मित्रकीटक असा फलक होता आणि त्याखाली एका डबीत आमचे ते सरदार फिरत होते. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. भुंगेरा काळसर, डोके नारिंगी, मसुराच्या दाण्याएवढा. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरे मेण पांघरते आणि पिठ्या ढेकणाच्या वस्तीत राहून त्यांनाच खाते. ते मेण तिला मुंग्यांपासून वाचवते, कारण पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करत असतात. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. पुढे नाव झाले ते पिठ्या ढेकणाच्या बाबतीत. सव्वाशे वर्षांचा रहिवासी. आम्ही त्याला पेहरावावरून ओळखले आणि मारले.

फलकासमोर उभे असताना आम्हा दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली आणि दोघेही बोललो नाही. घरी येताना रिक्षात बोललो. पांघरलेल्या रंगावरून जीव ओळखायचा आणि मग हात उगारायचा, ही रीत आम्हांला अपरिचित नव्हती. फक्त आजवर आम्ही ती दुसऱ्या बाजूने पाहिली होती. भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवर पलीकडे जो विराम येतो, तो आम्ही ऐकलेला आहे. आणि तुळशीच्या त्या रात्री आम्ही तरी वेगळे काय केले होते? काकूंची सतरा वर्षे बाजूला ठेवून, वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून जी एक मोठी सावली मनावर पडलेली असते, तिच्यावरून त्यांचा अंदाज बांधत बसलो होतो. पान उलटून पाहण्याचे कष्ट तेव्हाही घेतले नव्हते.

कीड हा शब्द माणसांना लावला की काय होते याचे दाखले शोधायला फार लांब जावे लागत नाही. रवांडात १९९४ मध्ये तुत्सींना रेडिओवरून झुरळे म्हटले जात होते. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. नाझींनी छावण्यांत माणसे मारायला वापरलेले झिक्लॉन-बी हे मुळात उवा, ढेकूण मारायचे धुरी देण्याचे विष होते. आपल्याकडे जाहीर सभांतून माणसांच्या समूहांना वाळवी म्हटलेले आपण ऐकले आहे आणि टाळ्याही ऐकल्या आहेत. म्हणणाऱ्याने त्या वेळी कुणाला मारलेले नसते, हे मान्य. पण त्याने पाहण्याची गरज संपवलेली असते. वाळवी मोजत नाहीत, तिला नावे विचारत नाहीत.

मग मारूच नये का? आमच्या मोठ्या नणंदबाई, आम्ही त्यांना आपा म्हणतो, त्यांचे मत असेच आहे. "जाऊ द्या ना. त्यांचाही रिज्क आहे, तुमच्या जास्वंदीवर लिहिलेला," असे त्या एका ईदला येऊन सांगून गेल्या. आम्हांला ते पटले. प्रदर्शनातून आल्यापासून मन हळवे झालेलेच होते. एक उन्हाळाभर आम्ही कशालाही हात लावला नाही. एक जास्वंद वाळली. तिच्यावरचे पिठ्या ढेकूण मेंदीवर गेले, मेंदीवरून मोगऱ्यावर. पिल्ले असताना त्यांच्या अंगावर मेण नसते, ती भराभर चालतात, वाऱ्यावरही वाहतात. आमच्या दयेचा प्रसाद खालच्या आणि शेजारच्या गॅलऱ्यांतही पोचला.

आपांशी आमचा वाद नाही. पण रानातल्या जास्वंदीची आणि कुंडीतल्या जास्वंदीची गोष्ट एक नव्हे. रानात पाऊस पाने धुतो, पक्षी येतात, भुंगेरे येतात, मूळ लांब जाऊन पाणी शोधते. आमच्या जास्वंदीला दहा इंचांची कुंडी आणि वर छप्पर. तिचा पाऊस आम्ही काढून घेतला, तिचे राखणदारही आम्हीच दूर ठेवले. अशा झाडावर जे घडते त्यात आमचा काही हात नाही असे म्हणणे म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला निसर्गाच्या भरवशावर सोडून गावाला जाणे. हात न लावणे हे अशा वेळी दयेचे नाव घेतलेले आळसाचे काम असते. ज्याला कैदेत ठेवले त्याची राखण करणे आपल्यावर येते आणि राखण करताना कधी कधी मारावेही लागते. हे आम्हांला आवडत नाही, पण यातून सुटकेची वाट आम्हांला सापडलेली नाही.

आमच्या परंपरेत या गोष्टीचा विचार झालेला आहे आणि तो नुसता दयेचा नाही. कुरआनात एका सूरहचे नावच मुंगी आहे. हजच्या वेळी इहराम बांधला की शिकार मना. पण त्याच स्थितीत विंचू, उंदीर, पिसाळलेले कुत्रे अशांना मारण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. म्हणजे अपाय करणारा जीव असतो आणि त्याला मारता येते, हे मानलेलेच आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट हदीसमध्ये येते. पूर्वीच्या एका पैगंबरांना झाडाखाली मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळायला लावले. त्यावर अल्लाहने त्यांना खडसावले ते मुंगी मारली म्हणून नव्हे. चावली एक आणि जाळली सगळी वस्ती, म्हणून. लहानपणी अम्मीच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट आम्हांला मुंग्यांवर दया करा अशी वाटायची. आता ती मोजायला शिकवणारी गोष्ट वाटते. शेतीशास्त्रात आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून एक कल्पना आहे: किडीची संख्या एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय फवारायचे नाही, कारण त्याआधी औषधाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. तिथेही आधी शेतात जाऊन मोजावे लागते. पैशाचा हिशेब काढून टाकला तर दोन्हींत फार अंतर राहत नाही.

इथे एक शंका आम्हांला अजून सोडत नाही. मित्रकीटकांचे कौतुक आपण फार मोकळ्या मनाने करतो. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, तमिळनाडूत आढळला आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंतही पोचला. पपई, तुती, जास्वंद, काही सोडले नाही, फवारण्यांनी आवरेना. २०१० मध्ये त्याचे नैसर्गिक शत्रू असलेल्या बारीक गांधीलमाश्या प्वेर्तो रिकोहून आणून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. विषाचा थेंब न वापरता. उत्तमच झाले. पण ती माशी करते काय? पिठ्या ढेकणाच्या जिवंत अंगात अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून खात वाढते. स्पिरिटच्या बोळ्याने मरण एका क्षणात येते. हे मरण दिवसानुदिवस चालते. कडुनिंबाच्या तेलाचेही तसेच. त्यातल्या द्रव्याने कीटकाची भूक मंदावते, त्याला कात टाकता येत नाही, तो हळूहळू संपतो. ते जैविक आहे, जमिनीत साठून राहत नाही, काकूंच्या तुळशीला त्या बाटलीसारखा धोका नाही, म्हणून आम्ही तेच वापरतो. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली तेल, साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. पण त्याला सात्त्विक वगैरे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आपण मारण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले किंवा सावकाश केले म्हणून ते मारणे नाहीसे होत नाही. आपल्याला दिसेनासे होते, इतकेच.

त्यामुळे असेल, आम्हांला अजून बोळाच बरा वाटतो. रविवारी सकाळी आम्ही दोघे स्टुलांवर बसतो. एकाच्या हाती भिंग, एकाच्या हाती बोळा. भिंगवाला आधी सांगतो कोण आहे. मगच बोळा चालतो. जलद चालणाऱ्या लांब झुबक्यांना अभय. मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्या मारत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवून त्यांची वाट तोडतो. नवीन रोप आणले तर तीन आठवडे न्हाणीच्या खिडकीत वेगळे. पुष्कळ दिवस असे जातात की काही मारावेच लागत नाही, नुसते दोन शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात टाकले की भागते. हेही मारणेच. मेलेल्यांची संख्या शेकड्यांत असते. बोटाला येणारा तो पिवळसर ओशट डाग हात धुतला तरी नाकाला थोडा वेळ जाणवत राहतो.

यंदाही फेब्रुवारीत पांढरे दिसले. आम्ही फवारणीची पिचकारी घेऊन गॅलरीत आलो आणि रिवाजाप्रमाणे आधी कठड्यावरून वाकून हाक दिली. तुळस पुन्हा जाळीत आली आहे, तिला आता दोन सोबतीही आहेत.

"काकू, कडुनिंब आहे. तुळस आत घ्या जरा."

"घेते. आणि भाभी, थांबा, वर येते मी. माझ्या गुलाबाला काय झालंय बघा."

त्या आल्या. एक फांदी कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड गाठ मारून बंद केलेले. ते पाहून आम्हांला बरे वाटले. फांदीवर कोवळ्या पानांखाली काहीतरी हिरवट होते. काकूंचे ठाम मत होते की हा मावा आणि सरळ साबण मारावा. आमच्यातल्या एकाचेही तेच मत होते. दुसऱ्याने पिशवी उजेडाकडे धरली आणि भिंग मागितले.